रात्रभर जागून करायचा ईईजी : कुणी केलाय का?

सदाफुली | सोमवार, दुपारी १२:१०

नमस्कार. माझी मुलगी सतरा वर्षांची, बारावी सायन्सला. आम्ही कोथरूडला राहतो. येत्या गुरुवारी सकाळी साडेआठला तिचा ईईजी (मेंदूतली वीज टिपायची तपासणी) आहे, आणि न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलंय की आदल्या रात्री तिला अजिबात झोपू द्यायचं नाही. सूचनांचा कागद मिळालाय, तो वाचला. माझा प्रश्न वेगळा आहे. आधी काय झालं ते सांगते.

ती दोन वर्षं ढोल पथकात आहे. यंदा जुलैपासून रोज संध्याकाळी नदीपात्रात सराव, घरी यायला दहा, मग जेवण, अभ्यास, झोपायला एक. सकाळी सहाला उठून क्लास. विसर्जनाच्या रात्री पथक लक्ष्मी रस्त्यावर होतं. पहाटे पावणेसहाला घरी आली. हाताला फोड, आवाज बसलेला, पण एवढी खुशीत होती! साडेसातला मीच उठवलं, क्लासची टेस्ट होती म्हणून. ब्रश घेऊन बेसिनपाशी गेली आणि एकदम तोंडातून विचित्र मोठा आवाज आला. मी पोचेपर्यंत खाली पडली होती. आधी सगळं अंग ताठ, मग झटके. दीड-दोन मिनिटं चाललं असेल. जाऊबाईंनी चप्पल नाकाला लावली, शेजारच्या आजी कांदा फोडून घेऊन आल्या, आणि मी तिच्या दातांत चमचा घालायला निघाले होते. माझ्या दिरांनी हात धरला म्हणून थांबले.

डॉक्टरांनी फिटबद्दल पाच मिनिटं विचारलं आणि त्याआधीच्या सहा महिन्यांबद्दल अर्धा तास. "सकाळी उठल्या उठल्या हातातून वस्तू पडतात का? खांदे, हात दचकल्यासारखे उडतात का?" मी नाही म्हणणार, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "कप."

उन्हाळ्यापासून आमच्याकडे तीन कप फुटले आहेत. दर वेळी मी ओरडले आहे. हातात जीव नाही का, रात्री मोबाईल बघत बसतेस, मग असं होणारच. तिलाही वाटायचं आपलंच लक्ष नसतं. ते झटके होते. हे कळल्यापासून मला धड जेवण जात नाही.

आता प्रश्न. जागरणामुळेच फिट आली असं डॉक्टर म्हणतात, आणि तेच जागरण मुद्दाम करायला सांगतात. पहाटे घरातच पुन्हा आली तर? साधा ईईजी करून भागणार नाही का? आणि दमलेल्या मुलीला पहाटे चारला जागं ठेवायचं तरी कसं? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

मुठाकाठ | सोमवार, दुपारी १२:४८

ताई, आधी जेवून घ्या. मी एकेचाळीस वर्षांचा आहे आणि माझंही हेच, सकाळचे झटके. मला निदान व्हायला सहा वर्षं लागली, कारण पहिल्या डॉक्टरांना मी फक्त मोठ्या फिटबद्दल सांगायचो. हात उडतात हा आजाराचा भाग आहे हे मला कुणी विचारलं नाही आणि मलाही कधी सांगावंसं वाटलं नाही. तुमच्या मुलीनं पहिल्याच भेटीत "कप" म्हटलं, म्हणजे तिची सहा वर्षं वाचली.

जागरणाचा ईईजी माझा दोनदा झालाय. रात्र कठीण जाते. तपासणीत काहीही दुखत नाही.

तारा_एकवीस | सोमवार, संध्याकाळी ७:२५

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात चौदा वर्षं ईईजी टेक्निशियन आहे. अहवाल डॉक्टर वाचतात, तारा आम्ही लावतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांबीनं देते.

ईईजीत आम्ही डोक्यात काही सोडत नाही, शॉक वगैरे तर मुळीच नाही. मेंदूतल्या पेशींच्या कामामुळे डोक्याच्या कातडीवर जो विद्युतदाब उमटतो तो फक्त टिपतो. तो इतका बारीक असतो की व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात, मायक्रोव्होल्टमध्ये मोजावा लागतो. म्हणून केसांना तेल नको, म्हणून जबडा आवळायचा नाही. जबड्याच्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा मोठी उमटते आणि सगळा कागद खराब करते. (आता कागद नसतो, पडदा असतो. आम्ही मात्र अजून कागदच म्हणतो.)

साध्या ईईजीत आम्हाला मिळतात वीस-तीस मिनिटं. अपस्मार, म्हणजे पुन्हापुन्हा फिट येण्याचा आजार, असलेल्या माणसाचा मेंदू काही दिवसभर बिघडलेला नसतो. दोन फिटांच्या मधल्या काळात अधूनमधून एखादी टोकदार लहर उठते, तिला स्पाइक म्हणतात, आणि ती ७० मिलिसेकंदांत संपलेली असते. आमच्या अर्ध्या तासात ती उठलीच नाही तर दिसणार कशी? पहिल्या साध्या ईईजीत ती साधारण निम्म्याच रुग्णांत सापडते, पुष्कळदा त्याहूनही कमी.

झोपेत ती सापडायची शक्यता वाढते. मुलगी पथकात आहे म्हणून तिला कळेल असं सांगते. जागेपणी मेंदू म्हणजे सराव सुरू व्हायच्या आधीचं नदीपात्र, जो तो आपापला ढोल ठोकून बघतोय. झोप लागली की थॅलॅमस नावाचा आतला भाग टोल देतो आणि मेंदूचा वरचा थर एका ठेक्यावर यायला लागतो. ज्या पेशींना एकदम पेटायची खोड आहे त्यांना हा ठेका फार सोयीचा पडतो. हे मुख्यतः साध्या झोपेत होतं. स्वप्नांच्या झोपेत उलट या लहरी कमी होतात.

आता कुणी म्हणेल, झोपच हवी तर झोपेचं औषध द्या, जागरण कशाला? काही ठिकाणी देतातही. जागरणाचा स्वतःचा काही वाटा असतो की फक्त त्यामुळे लागणाऱ्या झोपेचा, यावर तज्ज्ञांची चर्चा जुनी आहे. पण तुमच्या मुलीचे झटके जागरणानंतरच्या सकाळचे आहेत. तिच्या बाबतीत जी वेळ पकडायची आहे ती हीच.

फिट येईल का? येऊ शकते. म्हणूनच ती रात्र एकटीनं काढायची नसते. घरातलं एक मोठं माणूस पूर्ण वेळ जागं हवं, आणि फिट आली तर काय करायचं, कुठलं औषध जवळ ठेवायचं, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. आमच्या खोलीत आली तर आम्ही तिथेच असतो, ऑक्सिजन असतो, औषध असतं.

जमलं तर एवढं करा. बुधवारी दुपारनंतर चहा, कॉफी, कोला नको, चॉकलेटही नको. बुधवारी संध्याकाळी शाम्पूनं न्हायला घाला आणि मग तेल, कंडिशनर काही नाही. उपाशी आणू नका, पोहे-उपमा काहीतरी खाऊन येऊ दे. काही गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय एकही चुकवू नका. आणि येताना गाडीत डुलकी लागू देऊ नका! रात्रभर जागलेली मुलं नळ स्टॉपपर्यंत येता येता दहा मिनिटं झोपतात आणि मग आमच्या पलंगावर टक्क जागी राहतात. मागच्या सीटवर कुणीतरी शेजारी बसा, बोलत राहा.

पेठेतलाच | सोमवार, रात्री ९:०२

तारा ताईंनी निम्म्या रुग्णांत सापडते म्हटलंय त्याला जोडून माझं सांगतो, कारण मी त्याची किंमत मोजली आहे.

मला दोन फिटा आल्या, तिसऱ्या आठवड्यात ईईजी झाला, अहवालात नॉर्मल. ज्यांनी तो हातात दिला ते म्हणाले, "काही नाहीये तुम्हाला, टेन्शन असेल." ठिकाणाचं नाव लिहीत नाही. मला हेच ऐकायचं होतं. चार महिन्यांनी गोळ्या मनानंच बंद केल्या. त्यानंतर नवव्या दिवशी तुळशीबागेत दुकानाच्या पायरीवर पडलो, खालचा ओठ फाटला, दोन दात गेले. पुढे जागरणाच्या ईईजीत डाव्या कानशिलाकडच्या भागात स्पाइक मिळाले. म्हणजे ते तिथे होतेच.

ईईजी नॉर्मल म्हणजे अपस्मार नाही, असं नसतं. हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

निवृत्त_वैद्य | सोमवार, रात्री १०:१५

पेठेतलाच यांचं म्हणणं अगदी बरोबर, आणि त्याची दुसरी बाजूही तेवढीच खरी. पूर्ण निरोगी, आयुष्यात कधी फिट न आलेल्या माणसांतही शंभरात एखाद्याच्या ईईजीत अशा लहरी दिसू शकतात. त्या कागदावर गोळ्या सुरू करायच्या नसतात. निदान हकिकतीवर होतं. पडण्याआधी काय वाटलं, बघणाऱ्यानं काय पाहिलं, किती वेळ, नंतर किती वेळ गुंगी. पुढच्या वेळी शक्य असेल तर कुणीतरी मोबाईलवर चित्रण करा, त्याचा आम्हाला फार उपयोग होतो.

सदाफुली, तुम्ही सांगितलेलं वर्णन किशोरवयात सुरू होणाऱ्या मायोक्लोनिक (स्नायूंना अचानक झटके येणाऱ्या) अपस्माराशी जुळतंय. १९५७ साली जर्मनीत यान्झ आणि ख्रिस्टियान यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. साधारण बारा ते अठरा या वयात सुरुवात, जाग आल्यावर हातांचे झटके, आणि जागरणाशी घट्ट नातं. बुद्धी उत्तम असते, एमआरआय बहुतेक वेळा स्वच्छ येतो. एमआरआय मेंदूचं चित्र काढतो, त्यात चालणारी वीज त्याला दिसत नाही. पण निदान तुमचे डॉक्टरच करतील, मी नाही.

प्रकार नेमका ठरवायला एवढी धडपड का, तेही सांगतो. फिटांवर सर्रास दिली जाणारी कार्बामॅझेपिन या प्रकारातले झटके वाढवू शकते. चुकीच्या गोळीवर वर्षं काढलेली मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांची आठवण आली की अजून वाईट वाटतं.

चपलेबद्दल आणि कांद्याबद्दल: फिट आपली आपण थांबते, वासानं नाही. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही, गळ्याजवळचं सैल करा, घड्याळ बघा. तोंडात काहीही घालू नका. तुमच्या दिरांनी हात धरला ते फार चांगलं केलं. पाच मिनिटांच्या पुढे गेली, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर लगेच रुग्णालय.

नीलमोहोर | मंगळवार, सकाळी ८:४०

माझा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याला रात्रभर जागवायला सांगितलं नव्हतं. रात्री नेहमीपेक्षा दोन तास उशिरा झोपवा, पहाटे चारला उठवा, आणि त्यानंतर डुलकी नको, एवढंच. तरी तिथे पोचल्यावर डोक्याला तारा बघून इतका घाबरला की झोपच उडाली. मग डॉक्टरांनी ट्रायक्लोफॉसचं, म्हणजे झोप आणणारं, सिरप दिलं. आम्ही दुसऱ्या वेळी आठवडाभर आधी त्याच्या टेडीच्या डोक्याला दोरे चिकटवून "टेडीचा ईईजी" खेळलो. फरक पडला. लहान मुलांच्या आयांसाठी लिहून ठेवलं.

मोडीवाचक | मंगळवार, दुपारी ३:३०

वैद्यकातलं मला काही कळत नाही, जुन्या गोष्टींचा नाद आहे. माणसाच्या मेंदूचे तरंग पहिल्यांदा टिपले हान्स बर्गर यांनी, जर्मनीतल्या येना इथे, १९२४ साली. आणि ते टिपले गेले एका सतरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून, त्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी. पाच वर्षं स्वतःच तपासत राहिले आणि १९२९ मध्ये छापलं. सुरुवातीला फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. सदाफुलीताईंच्या मुलीचं वय वाचून हे आठवलं, राहवलं नाही म्हणून लिहिलं. गुरुवारसाठी तिला शुभेच्छा.

सदाफुली | मंगळवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. मोडीवाचक, तिला वाचून दाखवलं. दिवसातलं पहिलं हसू त्यावर आलं. ढोलाचं उदाहरण तर तिनं दोनदा वाचायला लावलं.

डॉक्टरांना फोन करून विचारलं. फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून दिलाय, तो आणून ठेवला. रात्री बाबा आणि मी आळीपाळीनं जागणार.

सदाफुली | शुक्रवार, सकाळी ११:२०

झालं. सविस्तर लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

अकरापर्यंत सगळं नेहमीसारखं. बाराला बदाम सात. एकला आजोबा उठून आले आणि मेंढीकोटाला चौथा भिडू मिळाला. अडीचला तिनं केमिस्ट्रीची वही काढली, पण दुसऱ्याच पानावर पापण्या जड झाल्या म्हणून ती मीच मिटली. जागरणाच्या रात्री अभ्यास काढू नका, त्यानं झोपच येते. साडेतीनला तिघं खाली उतरलो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या, मग पौड रस्त्यापर्यंत, मेट्रोच्या खांबांखालून. दुधाचे क्रेट उतरत होते. तिनं उभ्या उभ्या एका पिशवीतलं गार दूध पिऊन टाकलं.

साडेचार ते सहा सगळ्यात वाईट. सोफ्यावर बसलं की मान पडायची. ती रडली. "आई, फक्त पाच मिनिटं." जन्मल्यापासून मी हिला थोपटून झोपवत आले, आणि काल खांदा धरून हलवत होते. तिचे बाबा दुसऱ्या खोलीत जाऊन उभे राहिले, त्यांना बघवेना.

रिक्षात मी तिला पथकातल्या पंचवीस जणांची नावं क्रमानं म्हणायला लावली. अठराव्यावर अडकली, पण झोपली नाही.

तिथल्या टेक्निशियनबाईंनी टेपनं डोकं मोजलं. नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, मग कानापासून कानापर्यंत, आणि १० नि २० टक्क्यांच्या अंतरावर लाल पेन्सिलीनं खुणा केल्या. प्रत्येक खुणेवर खरखरीत जेलनं थोडं घासायचं, पांढरी पेस्ट लावायची, वाटीसारखी छोटी चकती दाबून बसवायची. एकवीस चकत्या. तारा ताई, तुमचं नाव असं का आहे ते तेव्हा कळलं.

डोळे मिट म्हटलं की पडद्यावर मागच्या भागाच्या रेषांत एकसारख्या लहरी यायच्या, उघड म्हटलं की पुसल्यासारख्या जायच्या. मग तीन मिनिटं जोरजोरात श्वास. बोटांना मुंग्या आल्या म्हणाली. मग डोळ्यांसमोर लुकलुकणारा दिवा, आधी सावकाश, मग भराभर. मग खोलीत अंधार केला. तीन मिनिटांत झोपली. पस्तीस मिनिटं झोपू दिलं.

उठवल्यावर मला वाटलं संपलं. बाई म्हणाल्या, आता हलायचं नाही, ही वेळ महत्त्वाची. पुन्हा खोल श्वास घ्यायला लावले. आणि तिचा उजवा खांदा उडाला. अगदी बारीक, चहाचा कप असता तर सांडला असता एवढाच. त्याच क्षणी पडद्यावरच्या सगळ्या रेषा, पुढच्या, मागच्या, डाव्या, उजव्या, एकदम उसळल्या. सेकंदभर. मग पुन्हा शांत. बाईंनी एक बटण दाबून खूण केली आणि काही बोलल्या नाहीत.

त्या सेकंदाला मला भीती वाटली नाही. मला वाटलं, हे बघ, हे आहे, आणि ही माझ्या मुलीची चूक नव्हती.

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं. वैद्य काका, तुम्ही म्हणालात तोच प्रकार. अहवालात सेकंदाला चार ते सहा या वेगाचे पॉलिस्पाइक आणि वेव्ह (लागोपाठ अनेक स्पाइक आणि मागून एक संथ लहर) असं आहे. लेव्हेटिरॅसिटाम सुरू केलंय.

निवृत्त_वैद्य | शुक्रवार, दुपारी १:०५

शाब्बास, दोघींना. या प्रकारात व्हॅल्प्रोएट फार प्रभावी आहे, पण पुढे गरोदरपणात बाळाला व्यंग येण्याचा आणि त्याच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होण्याचा धोका असल्यानं मुलींना शक्यतो टाळतात. तुमच्या डॉक्टरांनी योग्य विचार केलाय. पहिले काही आठवडे तिच्या चिडचिडीकडे लक्ष ठेवा. लेव्हेटिरॅसिटामनं काहींना ती होते. वाढली तर तिच्यावर रागावू नका, डॉक्टरांना सांगा.

मुठाकाठ | शुक्रवार, दुपारी २:३०

चिडचिडीला माझा दुजोरा. मला दीड महिना झाली, मग ओसरली.

आता वर्षभर झोप. गोळीइतकीच झोप. मी सवाई गंधर्व महोत्सवाला दर वर्षी जातो, दहाला उठून घरी येतो. मित्रांच्या पार्ट्यांना जातो, अकराच्या आत निघतो. सुरुवातीला मित्र थांब म्हणायचे, आता तेच घड्याळ दाखवतात.

सदाफुली | शुक्रवार, रात्री ८:१५

तिचा पहिला प्रश्न पथकाचा होता, दुसरा गाडीचा. फेब्रुवारीत अठरा पूर्ण होतात, तेव्हा लायसन्स काढून स्कूटर मिळणार होती. आणि घरात आणखी एक चाललंय. मोठ्या जाऊबाई म्हणतात बाहेर कुठे बोलू नका, मुलीची जात, उद्या लग्नाला अडचण येईल. मला काय उत्तर द्यावं सुचत नाही.

पेठेतलाच | शुक्रवार, रात्री ९:३३

लायसन्सच्या अर्जासोबत जो नमुना १ असतो त्यात अपस्मार आहे का, अचानक शुद्ध हरपते का, असा थेट प्रश्न आहे. खोटं लिहू नका. मी लिहिणार होतो, बायकोनं अडवलं. मी आज बसनं आणि मेट्रोनं फिरतो. पुण्यात गाडीशिवाय राहणं सोपं नाही, हे मान्य. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिच्या हातात किल्ली देऊ नका.

लग्नाचं म्हणाल तर हिंदू विवाह कायद्यात एके काळी अपस्माराचा उल्लेख वेडाच्या जोडीला होता. १९९९ मध्ये दुरुस्ती करून तो काढून टाकला. कायद्यानं काढला, घरांतून अजून निघायचाय. मी लग्नाआधी पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. दोघींनी नाही म्हटलं. तिसरीनं विचारलं, फिट आली तर मी काय करायचं? तिच्याशीच लग्न झालं.

पुण्यात संवेदना नावाचा अपस्मार स्वमदत गट आहे. जाऊबाईंनाही सोबत घेऊन जा.

तारा_एकवीस | शुक्रवार, रात्री १०:१०

ढोलामुळे फिट आली नाही, झोप न झाल्यामुळे आली. सराव लवकर आटपून दहाला अंथरुणावर पडता येत असेल, आणि विसर्जनाला रात्रीचं वादन सोडून दिवसाच्या पाळीत वाजवता येत असेल, तर डॉक्टरांना विचारून बघा. नाही म्हणतीलच असं नाही. पथकाच्या दोघा-तिघांना मात्र सांगून ठेवा, कुशीवर कसं वळवायचं ते दाखवून ठेवा.

केसांतली पेस्ट निघाली का?

सदाफुली | शनिवार, सकाळी ९:४५

नव्हती निघाली, मागच्या बाजूला गाठी झाल्या होत्या आणि ती कंगव्यानं ओढत होती.

तारा_एकवीस | शनिवार, सकाळी १०:००

कंगवा नको. कोमट पाण्यात दहा मिनिटं केस भिजू देत, बोटांनी पेस्ट सुटते, मग शाम्पू. पाणी फार गरम नको.

सदाफुली | शनिवार, दुपारी १२:२०

निघाली. पाटावर बसवून मीच न्हायला घातलं, सहावीनंतर पहिल्यांदा. लाल खुणा अजून दोन राहिल्यात कानामागे. जाऊबाई टॉवेल घेऊन उभ्या होत्या, त्यांनी विचारलं कुशीवर म्हणजे नक्की कसं वळवायचं. तिनंच सतरंजीवर आडवं होऊन दाखवलं.

काल रात्री दहा वीसला झोपली, आज सातला आपली आपण उठली. चहा स्टीलच्या पेल्यात दिला. नाही सांडला.